गावामागे एक रुपया

"रस्ता रुंद होऊ दे. आमचा ओटा गेला तरी चालेल," आत्या म्हणाली आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

तात्यापारा चौकापासून शारदा चौकापर्यंतचा रस्ता रुंद करायची चर्चा रायपुरात कित्येक वर्षं चालू आहे. जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडचा हा तुकडा. दोन्हीकडून ऐसपैस येणारा जी. ई. रोड इथे पोचला की एकदम आवळतो. मी आदल्या रात्री नागपूरहून दसऱ्यासाठी आले होते. या खेपेला आत्याच्या भागातल्या मराठी खुणा एकेक करून लिहून काढायच्या, असं ठरवूनच निघाले होते. वहीच्या पहिल्या पानावर 'मराठी रायपूर' असं लिहूनही ठेवलं होतं. आणि जिच्या भरवशावर हे सगळं करायचं, ती पहिल्याच सकाळी ओटा देऊन मोकळी झाली.

"आत्या, अगं, चार पिढ्यांचं घर आहे हे."

"असेल. मागच्या पावसाळ्यात समोरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायला आलेली गाडी पाऊण तास या गर्दीत अडकली होती. त्यांची सून गाडीतून उतरून लोकांना हात जोडत होती. मी त्याच ओट्यावर उभी होते. तिच्यापुढे ओट्याचं काय कौतुक सांगू?"

आत्या इतिहासाची शिक्षिका. हिंदी माध्यमाच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि दारावर येणाऱ्या भाजीवालीशी छत्तीसगढी, या तिन्ही भाषांत ती सारख्याच ठामपणे बोलते. त्या दिवशी तिला कंकाली मठात जायचं होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या या मठाचं दार वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतं. एरवी देवी तळ्याजवळच्या मंदिरात असते. आज एक दिवस ती आपल्या मूळ जागी परत येते, अशी इथली श्रद्धा आहे. आत जुनी शस्त्रं मांडलेली असतात, नागा साधूंची म्हणून सांगतात. रांगेत उभं राहून आम्ही ती पाहिली, नमस्कार केला आणि तळ्याच्या काठावर आलो.

कंकाली तालाब मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण त्याच्याकडे लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मध्यभागी पाण्यात महादेवाचं छोटं देऊळ.

"महंत कृपालगिरीने बांधवलं. सतराव्या शतकाच्या शेवटी," आत्या म्हणाली. "नागपूरच्या भोसल्यांची फौज इकडे यायच्या आधी चाळीस-पन्नास वर्षं. हे तुझ्या वहीत कुठल्या पानावर जाईल?"

"मी फक्त आपल्या खुणा लिहितेय."

"आपल्या म्हणजे?"

या प्रश्नाचं उत्तर मला सोपं वाटलं होतं. तात्यापारा आपला. सप्रे शाळा आपली. लाखेनगर आपलं. १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आपलं. दूधाधारी मठातलं राममंदिर बिंबाजी भोसल्यांनी बांधलं, म्हणजे तेही आपलंच. मी धडाधड सगळी नावं सांगितली. ती ऐकत होती आणि पायरीवर बसून पाण्यात पाय सोडलेल्या पोरांकडे पाहत होती.

"रायपुरात ज्यांचं कुणी उरलं नाही, त्यांचं कोण लिहिणार?" एवढंच तिने विचारलं.

मला हे तेव्हा अन्यायाचं वाटलं आणि अजूनही थोडं वाटतं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची आठवण महाराष्ट्रातल्या पुस्तकांत नसते आणि तो राहतो तिथल्या पुस्तकांतही नसते. तंजावर, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर यांचं निदान राजवाड्यांमुळे कुणी नाव घेतं. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते, हेसुद्धा आता पुण्या-मुंबईत सांगावं लागतं. कुणीतरी लिहायला नको का? मी हे तावातावाने बोलले. आत्याने मान हलवली. "लिही ना. पण पुरानी बस्तीत चल, मग लिही."

पुरानी बस्तीतल्या गल्ल्या मला नेहमी एखाद्या मोठ्या घरातल्या बोळांसारख्या वाटतात. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीखालून आपण चाललेलो असतो. महामाया मंदिर इथलं आद्य ठिकाण, रायपूरच्या कलचुरी म्हणजे हैहयवंशी राजांची देवी. दारातून पाहिलं तर मूर्ती सरळ समोर येत नाही, जरा तिरपी दिसते. राजाला ती खारून नदीत सापडली. वाटेत खाली ठेवायची नाही या अटीवर त्याने ती खांद्यावरून आणली, पण शेवटी ठेवताना चूक झाली, अशी कथा सांगतात. नवरात्रात इथे ज्योतिकलशांच्या रांगा लागतात. आम्ही पोचलो तेव्हा नऊ दिवसांच्या तेलाचा वास अजून हवेत होता.

"हे राजे कोण होते, माहीत आहे?" आत्याने शिक्षिकेच्या आवाजात विचारलं. "ब्रह्मदेव. संवत १४५८चा त्याच्या काळचा शिलालेख आहे, म्हणजे इसवी सन १४०२च्या आसपासचा. खारूनच्या काठी हाटकेश्वराचं देऊळ बांधल्याचा. मग १४६० साली भुवनेश्वरसिंहाने किल्ला बांधला, असं गॅझेटिअर सांगतं. किल्ल्याच्या एका अंगाला बुढा तालाब आणि दुसऱ्या अंगाला पुढे महाराजबंध आला. आता किल्ल्याचा दगडही सापडत नाही. तळी आहेत."

"आणि त्यांचं राज्य आपण घेतलं."

"आता 'आपण' म्हणालीस. आता सांगते."

मग तिने मंदिराबाहेरच्या कट्ट्यावर बसून जे सांगितलं, ते मी तुकड्यातुकड्याने आधी वाचलं होतं, पण कधी एका दमात ऐकलं नव्हतं. १७४१ साली भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर, याच हैहयवंशाच्या थोरल्या शाखेच्या राजधानीवर, चालून गेला. आपण त्याला बंगालच्या स्वारीसाठी ओळखतो, अलिवर्दीखानाने दगा करून मारलेला शूर सरदार म्हणून. रतनपूरच्या आठवणीत तो वेगळा आहे. तिथला राजा रघुनाथसिंह म्हातारा होता, मुलाच्या मृत्यूने खचलेला. तोफांनी वाड्याचा एक भाग ढासळला तेव्हा त्याची एक राणी तटावर चढली आणि तिने शरणागतीचं निशाण दाखवलं. भास्करपंताने शहरावर एक लाख रुपये दंड बसवला आणि खजिना रिकामा केला.

"रायपूरच्या शाखेचा राजा अमरसिंह. त्याला १७५०च्या सुमारास गादीवरून गुपचूप बाजूला केलं. वर्षाला सात हजार रुपये द्यायचे या बोलीवर रायपूर, राजीम आणि पाटण एवढंच त्याच्याकडे ठेवलं. तो गेल्यावर मुलगा शिवराजसिंह. १७५७ साली त्याचंही काढून घेतलं. बदल्यात काय दिलं? बडगाव धरून पाच गावं. आणि रायपूरच्या प्रत्येक गावामागे एक रुपया."

"एक रुपया?"

"गावामागे एक रुपया. साडेतीनशे वर्षांच्या राज्याचा हिशेब. हे मी बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं. समोर यदुवंशी, साहू, वर्मा, ध्रुव आडनावांची मुलं. माझं आडनाव कुठलं, ते फळ्याशेजारच्या वेळापत्रकात लिहिलेलं. एकदाही कुणी काही बोललं नाही. मलाच वाटायचं, हे मी नीट सांगितलं पाहिजे. मी लपवलं तर त्यांना कोण सांगणार?"

मी गप्प राहिले नाही. राहून चालणारही नव्हतं, कारण दुसरी बाजूही खरी आहे. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपुरात राहिला. नागपूरहून कारभार हाकणारा तो राजा नव्हता, तो इथला झाला. रतनपूर आणि रायपूर त्याने एका कारभाराखाली आणलं. रतनपूरच्या रामटेकरीवर देऊळ बांधलं. छत्तीसगढात दसऱ्याला सोनपत्ती वाटायची चाल त्याच्यापासूनची मानतात. आणि त्याच्यामागून आलेल्या सुभेदारांची जी काळी कथा आपण वाचतो, ती बरीचशी मेजर ॲग्न्यूच्या १८२०च्या अहवालातून आलेली. ॲग्न्यू कोण? १८१८ नंतर इथे कारभार करायला आलेला इंग्रज. आधीचे लोक किती वाईट होते हे दाखवल्याशिवाय त्याला आपण किती चांगले, हे कसं दाखवता येणार?

"बरोबर बोललीस," आत्या म्हणाली. मला वाटलं नव्हतं ती इतक्या लवकर मान्य करेल. "फिर्यादीची साक्ष जपूनच घ्यावी लागते. रतनपूर सोडून रायपूरला राजधानी आणली तीही ॲग्न्यूनेच, म्हणजे हे शहर मोठं झालं ते त्याच्यामुळे. म्हणून तो खरा, असंही नाही. पण सुभेदारी पैसे मोजून मिळायची. जो पैसे मोजून येतो, तो ते वसूल करूनच जातो. त्यासाठी ॲग्न्यूची साक्ष कशाला हवी?"

जैतूसाव मठावरून जाताना ती क्षणभर थांबली. स्वातंत्र्याच्या चळवळीत इथे बैठका व्हायच्या, एवढंच बोलून पुढे निघाली. तिला ऊन व्हायच्या आत मठपारा गाठायचा होता. महाराजबंधाच्या काठाने आम्ही दूधाधारी मठाकडे गेलो. हे तळं मराठ्यांच्या काळात एका मक्तेदाराने बांधवलं, महसुलाचा मक्ता घेणाऱ्याने.

"बघ," मी म्हणाले, "वसूल केलेल्यातलं काही तरी परत दिलं."

"दिलं. ते लिही. मक्तेदाराने दिलं असंच लिही."

दूधाधारी मठाचं नाव महंत बलभद्रदासांवरून पडलं. ते फक्त दुधावर राहायचे. एक गाय येऊन मारुतीच्या मूर्तीवर दूध सोडायची आणि तेवढंच ते घ्यायचे, अशी कथा आहे. मठाची परंपरा स्वतःला सोळाव्या शतकापर्यंत मागे नेते. राममंदिर मात्र बिंबाजीने १७७५ साली बांधलं, अशी गॅझेटिअरात नोंद आहे. सभामंडपात आम्ही बराच वेळ बसलो. दसऱ्याचा दिवस, रामाचं देऊळ, त्यामुळे गर्दी होती. कुठल्या तरी खेड्यातून आलेली आठ-दहा बायकांची तुकडी आमच्या शेजारी येऊन टेकली. त्यांतल्या एकीने पिशवीतून मुर्रा काढला, म्हणजे आपले मुरमुरे, आणि ओळखपाळख नसताना मूठभर माझ्या हातावर ठेवला. देऊळ कुणी बांधलं हा प्रश्न त्या मंडपात मला विचारावासा वाटला नाही, हे मी कबूल करते. पण बाहेर पडल्यावर पुन्हा वाटलाच. दारात एक पाटी असती, कुणी आणि केव्हा बांधलं एवढं सांगणारी, तर काय बिघडलं असतं?

"पाटीनं काय होतं ते बुढा तालाबावर दाखवते," आत्या म्हणाली आणि तिने रिक्षाला हात केला.

बुढा तालाब जुन्या काळी जवळजवळ एक चौरस मैल होता, असं इंग्रजी नोंदींत आहे. आता त्याचा तुकडा उरला आहे, तरीही तो मोठाच वाटतो. मधल्या बेटावर स्वामी विवेकानंदांचा भव्य बैठा पुतळा आहे. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र वडिलांच्या मागोमाग रायपूरला आला. तेव्हा इथवर रेल्वे नव्हती, जंगलातून बैलगाडीचा प्रवास होता. सुमारे दोन वर्षं ते कुटुंब इथे बुढापाऱ्यात राहिलं. म्हणून सरकारी कागदावर या तळ्याचं नाव विवेकानंद सरोवर आहे.

"रिक्षावाल्याला काय सांगितलं मी?"

"बुढा तालाब."

"सगळे तेच सांगतात. पाटी विवेकानंदांची, तोंडात बुढा. आणि बुढा म्हणजे म्हातारं तळं म्हणून नव्हे, बुढादेवाचं म्हणून, असं इथले गोंड सांगतात. त्यांचा देव कुठल्या पाटीवर नाही, पण तोंडात टिकला. म्हणून म्हणते, भिंत गेली तरी चालेल, पाणी जाऊ द्यायचं नाही. पाण्याशी लोक रोज येतात. आंघोळीला, गणपती बुडवायला, छठीला, पितरांना पाणी द्यायला. जिथे रोज येतात तिथलं नाव जात नाही. तो रजबंधा बघ. मोठं तळं होतं. बुजवलं. आता तिथे मैदान आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या. 'बंधा' कशाचा, ते आता मुलांना विचार."

"तेच तर! कुठे लिहून ठेवलं असतं तर मुलांना कळलं असतं. बुढादेवाचं आज तुला माहीत आहे, कारण तू विचारलंस. तुझ्यानंतर? तोंडातलं टिकतं म्हणतेस, पण तोंडं तरी कायमची कुठे असतात?"

ती काही बोलली नाही. रस्त्यापलीकडच्या शाळेकडे पाहत राहिली. माधवराव सप्रे शाळा. पूर्वी ती लॉरी शाळा होती. हबीब तन्वीर इथेच शिकले.

सप्रे या माणसावर आम्हा दोघींचंही प्रेम आहे आणि भांडणही त्याच्यावरूनच सर्वांत जास्त होतं. १८७१चा जन्म. पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवायची पन्नास रुपयांची नोकरी. त्या पगारातून पैसे बाजूला टाकून जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केलं. संपादक सप्रे आणि रामराव चिंचोलकर, मालक-प्रकाशक वामनराव लाखे. तीनही नावं मराठी, मासिक हिंदी. तीन वर्षं चालून ते १९०२च्या अखेरीस बंद पडलं. लाख्यांनी पुढे इथे सहकारी बँक उभी केली आणि १९२० साली रायसाहेब ही पदवी सरकारला परत केली. सप्र्यांनी टिळकांचं 'गीतारहस्य', समर्थांचा 'दासबोध', चिंतामणराव वैद्यांचं महाभारतावरचं पुस्तक हिंदीत नेलं. १९२४ साली हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९२६ साली याच शहरात वारले. मराठी पुस्तकांत त्यांचं नाव शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं.

"तो आपला होता," मी म्हणाले.

"तो आपला राहिला असता तर नागपूरला मराठी मासिक काढलं असतं. त्याने इथल्या पोरांच्या भाषेत काढलं. भोसल्यांनी इथून घेतलं आणि सप्र्यांनी इथे दिलं, एवढा साधा फरक आहे."

"मग त्यांची गोष्ट आठव. 'एक टोकरी भर मिट्टी'. १९०१ची. जमीनदाराला वाडा वाढवायचा असतो म्हणून तो विधवेची झोपडी घेतो. ती फक्त एक टोपलीभर माती मागते, चुलीसाठी. आणि टोपली उचलून द्या म्हणते. त्याला ती उचलत नाही. एक टोपली उचलत नाही, तर या सगळ्या जमिनीचं ओझं जन्मभर कसं उचलणार, असं ती विचारते. तुझ्याच सप्र्यांनी लिहिलंय, आत्या. आणि तू ओटा देऊन टाकतेस."

"जमीनदाराला अंगण हवं होतं. इथे आजारी माणसाला वाट हवी आहे." पण हे बोलताना तिचा आवाज उतरला होता. काठाच्या कठड्याला टेकून ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सप्रे १९०८ साली पकडले गेले. त्यांच्या 'हिंदी केसरी'तल्या लेखांसाठी. घरच्यांच्या दबावाखाली त्यांनी माफी लिहून दिली आणि सुटले. मग त्या माफीने त्यांना झोप लागेना. वर्ध्याकडे हनुमानगडावर जाऊन राहिले, मधुकरी मागून जेवले, दासबोध वाचत बसले. तुला माहीत आहे हे?"

"माहीत आहे."

"मला तो माणूस यासाठी आवडतो. मामंजींची एक पेटी होती. लोखंडी. आत मोडी कागद. लग्न होऊन आले तेव्हा मी पाहिली होती. मामंजी गेले, मग तुझे काका गेले. माडीची दुरुस्ती काढली तेव्हा वाळवी लागलेली निघाली. घरात मोडी वाचणारं कुणी नाही. मी इतिहासाची शिक्षिका. मला वाचता येत नव्हतं आणि वाचणारा शोधायला मला दोन दिवसांची सवड झाली नाही. रद्दीवाल्याला दिली. किलोच्या भावाने."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी वाईट बोलले असते. त्या पेटीत काय असेल? कुठल्या परगण्याच्या वसुलीचा हिशेब, कुणाचं कर्ज, एखाद्या लग्नाची यादी. कदाचित गावामागे एक रुपया कुणाला, कधी पोचला याचीही नोंद. ॲग्न्यूच्या अहवालासमोर ठेवता आला असता असा एखादा कागद. काहीच नसेल, हेही शक्य आहे. आता कधीच कळणार नाही.

"म्हणून पाटीवरून मी तुझ्याशी भांडते," ती म्हणाली. "पाटी लावणं सोपं असतं. पेटी सांभाळणं मला जमलं नाही."

"आणि तरी ओटा जाऊ द्यायचा?"

"जाऊ द्यायचा. पण त्याआधी तू माप घे. दगड किती, खांबांचं लाकूड कसलं, चौकट कशी बसवली आहे, सगळं. फोटो काढ. शेजारच्या घरांचेही काढ. ती मराठी नसतील त्यांचेही काढ. सगळ्यांचे."

दुपारी जेवणानंतर मी टेप घेऊन ओटा मोजला. लांबी साडेअकरा फूट. समोरच्या घराचा मोजायला गेले तर त्या आजोबांच्या सुनेने टेपचं दुसरं टोक धरलं आणि कशासाठी हेही विचारलं नाही. काम झाल्यावर तिने पाणी दिलं आणि संध्याकाळी येते म्हणाली.

संध्याकाळी ती आली. हातात आपट्याच्या पानांची डहाळी. आत्या ओट्यावर बसली होती. तिने वाकून आत्याच्या पायाला हात लावला आणि दोन पानं तिच्या हातात दिली. "ले दाई, सोन." मग मलाही दिली. मी विचारलं, "तुमच्याकडे ही चाल कधीपासून?"

"हमर बबा के बेरा ले," ती म्हणाली. आमच्या आजोबांच्या वेळेपासून.

माझ्या ओठांवर बिंबाजीचं नाव आलं होतं. मी आत्याकडे पाहिलं. हिशेबाची वही उघडी ठेवून कुणीतरी उत्तराची वाट पाहावी, तशी ती माझ्याकडे पाहत होती.

"सांग तिला," आत्या मराठीत म्हणाली. "बिंबाजीचं सांग. आणि रुपयाचंही सांग."

सून ओट्याच्या कडेला टेकली. मी तिच्या शेजारी बसले आणि शिवराजसिंहापासून सुरुवात केली.